वावरातला दगड ओळखायचा कसा: खनिजांचे गुणधर्म आणि विदर्भातले खडक

विहीर खोदली की धुऱ्यावर मलब्याचा ढीग पडतो. खडक शिकायला याच्याइतकी चांगली जागा गावात दुसरी नाही. नाल्यातला गोटा वर्षानुवर्षं उन्हापावसात पडून असतो, त्यावर तांबडी-पिवळी साल चढलेली असते, त्यामुळे आतला दगड दिसतच नाही. सुरुंगाने उडालेला दगड मात्र आतून जसा आहे तसा समोर येतो. पुढचा सगळा लेख एकाच गोष्टीवर उभा आहे: दगड ओळखायचा तो त्याच्या ताज्या तोडीवरून, ठरावीक चाचण्या ठरावीक क्रमाने करून, आणि तो कुठे सापडला हे लक्षात ठेवून. बहुतेक लोक रंग आणि चमक पाहून नाव ठेवतात. नेमके हेच दोन गुण सगळ्यात जास्त फसवतात.

आधी दोन शब्द नीट समजून घ्या

खनिज म्हणजे निसर्गात तयार झालेला, ठरावीक रासायनिक घटकांचा आणि आत अणूंची ठरलेली मांडणी असलेला घन पदार्थ. खडक म्हणजे अशा खनिजांचा गोळा. कधी एकाच खनिजाचा, बहुधा तीन-चारांचा. गारगोटी खनिज आहे; ग्रॅनाइट खडक आहे, कारण त्यात गारगोटी, फेल्डस्पार आणि अभ्रक एकमेकांत गुंतलेले असतात. कोळसा वनस्पतींपासून झाला आणि त्याची अणूंची मांडणी ठरलेली नाही, म्हणून शास्त्राच्या काटेकोर व्याख्येत तो खनिज नाही. खाणकामाच्या कायद्यात मात्र तो खनिजच. गारपिटीतली गार व्याख्येप्रमाणे खनिज ठरते, कारण ती बर्फ आहे. मराठीत आभाळातून पडते तीही गार आणि वावरात सापडते तीही गार. थंड, पांढरट, काचेसारखी वस्तू पाहून हे नाव पडलं असावं.

सामान

एक किलोचा गवंडीकामाचा हातोडा, डोळ्यांना गॉगल, घड्याळजीचं किंवा दहापट मोठं दाखवणारं भिंग, लोखंडी खिळा, जाडसर सुरी, तावदानाच्या काचेचा कडा घासलेला तुकडा, जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक, पिचकारी किंवा ड्रॉपर, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, वही, मार्कर, जुनी वर्तमानपत्रं. भूशास्त्राचा खास हातोडा नसला तरी अडत नाही. गॉगल मात्र लागतोच. काळ्या दगडाची कपची काचेइतकी धारदार असते आणि हातोडा मारणाऱ्यापेक्षा शेजारी वाकून बघणाऱ्या मुलाच्या डोळ्यात ती आधी जाते. सोबतच्यांना तीन-चार मीटर मागे उभं करा आणि मगच घाव घाला.

बाहेरच्या पुस्तकांत काठिण्य तपासायला तांब्याचं नाणं घ्यायला सांगतात. आपली आजची बहुतेक नाणी स्टेनलेस स्टीलची असल्याने तो आकडा इथे लागू पडत नाही. त्याऐवजी घरच्या वायरिंगची जाड तांब्याची तार घ्या. मोटारीच्या वाइंडिंगची तार असेल तर तिच्यावरचं इनॅमल आधी खरडून काढा, नाहीतर तांब्याऐवजी इनॅमलच घासत बसाल.

ताजी तोड

दगड हातात धरून फोडू नका. मोठ्या टोळावर, म्हणजे धोंड्यावर ठेवा, कडेजवळ, जिथे पातळ पडतो तिथे, एक जोरकस तिरपा घाव घाला. मधोमध मारलं तर हातोडा उसळतो आणि दगडाचा भुगा होतो; त्या भुग्यावर पुढची एकही चाचणी नीट होत नाही. मुठीएवढा तुकडा आणि त्याला निदान एक बाजू पूर्ण ताजी, एवढं पुरे.

आता तोड आणि साल शेजारी-शेजारी पाहा. पश्चिम विदर्भातल्या काळ्या दगडाची साल तपकिरी, मऊ, बोटाने खरवडली जाईल अशी असते. आत राखाडी-काळा, घट्ट दगड. त्यातलं लोह हवा-पाण्याने गंजतं, म्हणून साल तपकिरी होते. हाच दगड जमिनीत भेगांमधून कुजत गेला की कांद्याच्या पापुद्र्यांसारखा सुटतो, मध्ये टणक गोळा उरतो आणि भोवती मुरूम. मुरूम, टोळ आणि गिट्टी या तिन्हींचं मूळ एकच खडक आहे, हे रस्त्याच्या कापलेल्या कडेला उभं राहिलं की पाच मिनिटांत दिसतं.

काठिण्य

जर्मन खनिजशास्त्रज्ञ फ्रीडरिख मोहस् यांनी 1812 मध्ये दहा पायऱ्या ठरवल्या: संगजिरे 1, जिप्सम 2, कॅल्साइट 3, फ्लुओराइट 4, अ‍ॅपेटाइट 5, ऑर्थोक्लेज फेल्डस्पार 6, गारगोटी 7, पुष्कराज 8, कुरुंद 9, हिरा 10. जास्त आकड्याचं खनिज कमी आकड्याच्या खनिजावर ओरखडा काढतं. या पायऱ्या सारख्या अंतराच्या नाहीत. 9 आणि 10 मधला फरक खालच्या सगळ्या फरकांपेक्षा मोठा आहे.

आपल्या सामानाचे आकडे असे: बोटाचं नख अंदाजे 2.5, तांब्याची तार 3, लोखंडी खिळा 4.5 ते 5, तावदानाची काच 5.5, चांगल्या पोलादाची सुरी 5.5 ते 6.

चाचणी मऊकडून कठीणाकडे करा. आधी नख, मग तार, मग खिळा, मग सुरी. शेवटी दगडाचा कोपरा काचेवर ओढा. काच टेबलावर सपाट ठेवा, हातात धरू नका. एक-दीड सेंटिमीटरची रेघ, घट्ट दाब, एकदाच. मग ओल्या बोटाने पुसा आणि नखाने चाचपा. खाच लागली तरच ओरखडा. पुसून गेली तर ती खिळ्याच्या लोखंडाची भुकटी होती, दगड खिळ्यापेक्षा कठीण आहे. नवख्यांची सगळ्यात जास्त चूक इथेच होते.

दुसरी चूक अशी, की खनिजाऐवजी खडकाचं काठिण्य मोजलं जातं. वालुकाश्म खिळ्याने खरवडला की कण गळतात म्हणून त्याला मऊ समजतात. कण स्वतः गारगोटीचे, म्हणजे 7 चेच असतात. सुटला तो त्यांना धरून ठेवणारा मसाला. भिंगातून पाहा, कणावर रेघ आहे की कण उखडलेत, ते कळेल.

एकाच स्फटिकाचं काठिण्य दिशेनुसारही बदलू शकतं. भंडारा जिल्ह्यात सापडणारा निळसर, पात्यांच्या आकाराचा कायनाइट घ्या. पात्याच्या लांबीच्या दिशेने सुरीचा ओरखडा उठतो, कारण तिकडे काठिण्य साधारण 4.5 ते 5.5, आडवं ओढलं तर सुरी घसरते, तिकडे ते 6.5 ते 7. ही एकच चाचणी त्याचं नाव पक्कं करते.

कस

सोन्याचा कस सराफ कसोटीवर पाहतो, तसाच खनिजाचा कस म्हणजे त्याच्या भुकटीचा रंग. अखंड तुकड्याचा रंग मळ आणि भेसळीने बदलतो, भुकटीचा सहसा बदलत नाही.

फरशीची मागची बाजू वापरतात, पण भिंतीच्या बऱ्याच टाइल्सची पाठ विटकरी असते. तिच्यावर तांबडी रेघ दिसणारच नाही. व्हिट्रिफाइड टाइलची पाठ पांढरट असते, तिच्यावरची सैल पांढरी पूड आधी ब्रशने धुऊन टाका. तीही नसेल तर फुटक्या चिनीमातीच्या कपाच्या बुडाशी जी बिनझिलईची खरखरीत कडी असते, ती उत्तम.

हेमाटाइट काळा दिसो, चंदेरी दिसो, रेघ गेरूसारखी तांबडीच. गंजलेल्या पिवळ्या लिमोनाइटची पिवळट तपकिरी. मॅग्नेटाइटची काळी. मँगनीजच्या पायरोलुसाइटची काळी, आणि बोटंही काळी होतात. क्रोमाइट काळाभोर असूनही रेघ तपकिरी. पायराइट सोन्यासारखा पिवळा आणि रेघ हिरवट काळी. सोन्याची रेघ पिवळीच राहते. गारगोटीची रेघ काढण्यात अर्थ नाही. ती टाइलपेक्षा कठीण असते, त्यामुळे दिसणारी पांढरी पूड टाइलची असते.

फुटण्याची तऱ्हा आणि चमक

काही खनिजं ठरावीक सपाट पृष्ठांवरच फुटतात. याला पाटन म्हणतात. अभ्रकाला एकच दिशा, म्हणून पापुद्रे निघतात. फेल्डस्पारला दोन, जवळपास काटकोनात. कॅल्साइटला तीन, पण तिरप्या. कितीही बारीक फोडा, प्रत्येक तुकडा कलत्या डबीसारखाच, कोन 75 आणि 105 अंशांच्या आसपास. गारगोटीला पाटनच नाही. ती काचेच्या बाटलीसारखी, शिंपल्याच्या वळ्यांसारख्या वक्र पृष्ठाने फुटते.

तुकडा उन्हात धरून हळूहळू फिरवा. एका क्षणी पूर्ण पृष्ठ आरशासारखं लखलखलं आणि लगेच विझलं, तर ते पाटन. चमक कुठल्याच कोनात पूर्ण जात नसेल, नुसती इकडून तिकडे सरकत असेल, तर तो वक्र भंग. चमकेचे बाकीचे प्रकार डोळ्याला सवयीने कळतात: काचेसारखी, मोत्यासारखी, रेशमासारखी, मेणासारखी, धातूसारखी, मातकट.

अ‍ॅसिडचा थेंब

कॅल्साइट आणि चुनखडक सौम्य हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडने फसफसतात, कारण कार्बन डायऑक्साइड सुटतो. शाळेच्या प्रयोगशाळेतलं तीव्र अ‍ॅसिड असेल तर एक भाग अ‍ॅसिड तीन भाग पाण्यात, थेंबाथेंबाने, आणि नेहमी पाण्यात अ‍ॅसिड. अ‍ॅसिडवर पाणी ओतलं तर ते उकळून अंगावर उडतं. हे काम शिक्षकाने, हातमोजे आणि गॉगल घालून करायचं. मुलांसाठी पांढरं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस पुरतो, फक्त दगडाची पूड करून त्यावर टाका आणि भिंगाने बुडबुडे पाहा.

डोलोमाइट अखंड असताना थंड सौम्य अ‍ॅसिडला जवळजवळ दाद देत नाही; पूड केली की फसफसतो. त्यामुळे आधी अखंड तुकड्यावर, मग पुडीवर, अशी दोनदा चाचणी करा. काळा दगडही कधी कधी फसफसतो. तो चुनखडक नसतो, त्याच्या भेगांत कॅल्साइट बसलेला असतो. बुडबुडे सगळीकडून येतात की एका रेघेतून, ते पाहा.

काळ्या, जड, मँगनीजसारख्या दिसणाऱ्या दगडावर अ‍ॅसिड कधीच टाकू नका. मँगनीज डायऑक्साइड आणि हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड मिळून क्लोरीन वायू सुटतो. त्याची चाचणी वेगळी आहे, पुढे येते.

वजन

हाताने अंदाज येतो, पण आकडा काढणं अवघड नाही. कोरडा तुकडा काट्यावर ठेवून वजन लिहा. मग काट्यावर पाण्याने अर्धं भरलेलं भांडं ठेवून काटा शून्य करा. तुकडा शिलाईच्या दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. काटा जेवढे ग्रॅम दाखवेल तेवढं पाणी दगडाने बाजूला सारलं. कोरडं वजन भागिले हा आकडा म्हणजे विशिष्ट गुरुत्व. 435 ग्रॅमचा दगड आणि काटा 150 दाखवतो, तर 2.9, हा बेसॉल्ट, म्हणजेच आपला काळा दगड, असू शकतो. 412 ग्रॅमचा तुकडा 88 दाखवतो, तर 4.68, हा बेसॉल्ट असणं शक्य नाही.

गारगोटी 2.65, कॅल्साइट 2.71, ग्रॅनाइट 2.6 ते 2.7, बेसॉल्ट 2.8 ते 3, कोळसा 1.2 ते 1.5, हेमाटाइट 5 च्या आसपास, मॅग्नेटाइट 5.2. दगड तळाला टेकला तर आकडा एकदम चुकतो. पृष्ठावर हवेचे बुडबुडे चिकटले तर गुरुत्व कमी येतं. पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाका आणि तुकडा हलवून बुडबुडे सोडवा. छिद्राळ दगडाचा आकडा मुळातच कमी येणार, त्यावर विसंबू नका. पन्नास ग्रॅमपेक्षा लहान तुकड्यावर एका ग्रॅमची चूकही फार मोठी पडते.

पांढरा दगड: गारगोटी, कॅल्साइट की झिओलाइट?

बुलढाणा, अकोला, अमरावती, वाशीम, यवतमाळ, वर्धा या पट्ट्यात विहिरीच्या मलब्यात काळ्या दगडावर पांढरे ठिपके, पांढरे पेढ्याएवढे गोळे, कधी पोकळीत चमचमणारे स्फटिक निघतात. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, पोकळ्या राहिल्या, आणि नंतर झिरपलेल्या पाण्याने त्या भरल्या. विहीर खोदणारे अशा ठिपकेदार, मऊसर खडकाला मांजऱ्या म्हणतात.

एखादा अंड्याएवढा गोळा मधोमध फुटलेला मिळाला तर भिंग लावून बाहेरून आत पाहत जा. सगळ्यात बाहेर, काळ्या दगडाला चिकटून, नखाने निघेल असा हिरवा पापुद्रा. त्याच्या आत मेणासारख्या चमकेचे राखाडी-पांढरे बारीक पट्टे, हा अकीक. पट्ट्यांच्या टोकावर आत डोकावणारे गारगोटीचे टोकदार स्फटिक. आणि अगदी मध्ये उरलेल्या जागेत एखादा कॅल्साइटचा तिरपा डबीसारखा तुकडा. भरण बाहेरून आत झालं, म्हणजे हिरवा पापुद्रा आधीचा आणि कॅल्साइट सगळ्यात शेवटचा.

तिघांना वेगळं करायला सुरी पुरते. सुरी घसरली आणि दगडाने काचेवर ओरखडा काढला, तर गारगोटी किंवा अकीक. सुरीने सहज रेघ उठली आणि अ‍ॅसिडने जोरात फसफसलं, तर कॅल्साइट. स्वच्छ पारदर्शक तुकडा छापील ओळीवर ठेवला तर ओळ दुहेरी दिसते. सुरीने रेघ उठली पण अ‍ॅसिडने काहीच झालं नाही, पृष्ठावर मोत्यासारखी झळाळी आहे आणि स्फटिक गव्हाच्या पेंढीसारखे मध्ये आवळलेले, टोकाला फुललेले आहेत, तर तो बहुधा स्टिल्बाइट, झिओलाइट म्हणजे स्फटिकात पाणी धरून ठेवणाऱ्या खनिजांच्या कुळातला. त्याची ज्वारीच्या दाण्याएवढी कपची चिमट्यात धरून गॅसच्या ज्योतीत नेली तर ती फुगते आणि दुधी होते, कारण स्फटिकात धरलेलं पाणी बाहेर पडतं. गॉगल घाला, कपची तडकून उडू शकते.

गारगोटीची आणखी एक सोपी चाचणी: अंधाऱ्या खोलीत दोन तुकडे एकमेकांवर जोरात घासा. आतून नारिंगी उजेड क्षणभर दिसतो. कॅल्साइटची नुसती भुकटी पडते.

नागपूर शहराजवळच्या माहुरझरीला प्राचीन काळी अकीक आणि कार्नेलियनचे, म्हणजे तांबूस अकीकाचे, मणी घडवले जात. कच्चा माल म्हणजे काळ्या दगडाच्या पोकळ्यांतलं हेच भरण.

काळा आणि जड

भंडारा आणि नागपूर जिल्ह्यात डोंगरी बुजुर्ग, चिखला, मनसर, कांद्री, गुमगाव या मँगनीजच्या खाणींच्या परिसरात काळा जड दगड सहज मिळतो. क्रम असा ठेवा. आधी गुरुत्व: 4 च्या वर आहे का? मग कस: तांबडा आला तर हेमाटाइट, काळा किंवा तपकिरी-काळा आला तर पुढे चला. मग चुंबक: जोरात चिकटला तर मॅग्नेटाइट. नाही चिकटला, किंवा किंचित ओढला, तर औषधाच्या दुकानातल्या 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब ताज्या तोडीवर टाका. लगेच जोरात फेस आला तर मँगनीजचं ऑक्साइड असण्याची दाट शक्यता. मँगनीज डायऑक्साइड पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन वेगानं वेगळं करतं, स्वतः मात्र खर्च होत नाही. तुकड्यावर माती किंवा शेवाळ असेल तर तेही थोडा फेस आणतं, म्हणून ताजी तोडच हवी.

मँगनीजच्या शेजारीच काही ठिकाणी नारिंगी-तपकिरी, दाणेदार, टणक खडक मिळतो. गार्नेट कुळातला मँगनीजयुक्त स्पेसार्टिन आणि गारगोटी मिळून तो बनला आहे. एल. एल. फर्मोर या भूशास्त्रज्ञाने 1909 मध्ये त्याला गोंड समाजावरून गोंडाइट नाव दिलं, आणि ते जगभर रूढ झालं. आपल्या जंगलातल्या माणसांचं नाव जगाच्या खडकांच्या यादीत आहे, हे शाळेत आवर्जून सांगावं.

खडक झाले कसे: पश्चिमेकडून पूर्वेकडे

पश्चिम विदर्भ म्हणजे अग्निजन्य खडकाचा प्रदेश. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांब भेगांतून 1100 ते 1200 अंश सेल्सिअसचा लाव्हा पुन्हा पुन्हा बाहेर पसरला आणि थरावर थर बसले. लाव्हा उघड्यावर लवकर थंड झाला, स्फटिकांना वाढायला वेळ मिळाला नाही, म्हणून काळ्या दगडाचे कण डोळ्याला दिसत नाहीत. प्रत्येक थराचा मधला भाग घट्ट, वरचा छिद्राळ. दोन थरांच्या मध्ये काही ठिकाणी गेरूसारखा तांबडा पट्टा असतो. दोन उद्रेकांमधल्या काळात खालच्या थराचा माथा उघडा राहून कुजला, त्याची ती खूण. विहिरीत हा क्रम नोंदवणं कामाचं आहे: पाणी सापडतं ते कुजलेल्या, भेगाळलेल्या किंवा छिद्राळ भागात, अखंड घट्ट पाषाणात ते फार थोडं. तांबडा पट्टा ओला झाला की ढासळतो, तिथे बांधकाम लागतं. जात्या-पाट्याला बारीक छिद्रांचा काळा दगड निवडतात तोही याच कारणाने, की झिजला तरी छिद्रांच्या कडा खरखरीत राहतात.

पूर्णेच्या खोऱ्यात हा खडक जाड गाळाखाली दडला आहे. तिथला खारपाणपट्टा त्या गाळातला. काळ्या मातीत मिळणारे पांढरे, वेडेवाकडे गोटे चुनकंकर होत. जमिनीतलं पाणी उन्हाने उडालं आणि त्यातला चुना मागे राहिला. अ‍ॅसिडने लगेच फसफसतात.

लोणारला याच काळ्या दगडावर अशनी आदळून सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचं विवर झालं. ते राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहे. तिथे हातोडा काढायचा नाही, खिशात काहीही घालायचं नाही.

नागपूर या काळ्या दगडाच्या हद्दीवर आहे. सीताबर्डीची टेकडी काळ्या दगडाची. शहराच्या पूर्वेला गेलं की खालचे फार जुने खडक उघडे पडतात. कामठीच्या बाजूला वालुकाश्म लागतो आणि या खडकमालेला भूशास्त्रात कामठीचंच नाव आहे. नद्यांनी आणलेली वाळू साचली, वरच्या भाराने दाबली गेली, आणि झिरपणाऱ्या पाण्यातल्या लोह, चुना किंवा सिलिकाने कण चिकटले. स्तरित खडक होतो तो असा. तांबडा-पिवळा रंग लोहाचा.

दक्षिणेला वणी, चंद्रपूर, बल्लारपूरकडे याच कुळातले कोळशाचे थर आहेत, साधारण 25 ते 30 कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलीतल्या झाडांचे. कोळसा आणि कोळशासारखा काळा शेल, म्हणजे चिखल घट्ट होऊन झालेला खडक, यांत गल्लत होते. शेल हाताला जड लागतो, पातळ चकत्यांनी सुटतो आणि चुलीत टाकला तर मागे जवळपास तेवढाच दगड उरतो. त्या काळाच्या सुरुवातीला इथे हिमनद्या होत्या. चंद्रपूर जिल्ह्यात इरई इथे जुन्या खडकावर हिमनदीने ओढत नेलेल्या दगडांचे समांतर ओरखडे आहेत. काठिण्याची चाचणीच ती, फक्त निसर्गाने केलेली.

कोरपना, राजुरा, वणी या भागातला चुनखडक राखाडी आणि बारीक कणांचा असतो, दुरून काळ्या दगडासारखाच दिसतो. सुरी लावा: चुनखडकावर पांढरी खाच पडते, बेसॉल्टवर सुरीचीच काळी रेघ उमटते. मग अ‍ॅसिडचा थेंब. दोन मिनिटांचं काम.

रामटेक, देवलापार, तुमसर, साकोलीकडचे खडक रूपांतरित. जुने गाळ आणि लाव्हा जमिनीखाली खोल गेले, उष्णता आणि दाबाने न वितळता आतल्या आत बदलले; हे शंभर कोटी वर्षांहून जुने. वालुकाश्माचा क्वार्टझाइट झाला, चुनखडकाचा संगमरवर, चिखलाचा शिस्ट. वालुकाश्म आणि क्वार्टझाइट यांत फरक तोडीवर दिसतो: वालुकाश्म कणांच्या कडेकडेने फुटतो आणि तोड खरखरीत लागते, क्वार्टझाइट कणांतून आरपार फुटतो, तोड गुळगुळीत. संगमरवर फसफसतो, पण भिंगाखाली साखरेसारखे दाणे आणि उन्हात प्रत्येक दाण्याचं लुकलुकणारं पाटन दिसतं. शिस्ट अभ्रकामुळे लकाकतो. नाइस नावाच्या रूपांतरित खडकात पांढरे-काळे पट्टे असतात. ते गाळाचे थर समजू नका, पट्ट्यांतली खनिजं स्फटिकासारखी एकमेकांत गुंतलेली असतात, घासलेले गोल कण दिसत नाहीत.

हमखास फसवणारे दगड

जुन्या काळी लोखंड गाळलं जायचं त्या जागी, चंद्रपूर-गडचिरोलीकडे विशेष, भट्टीची मळी सापडते. काळी, काचेरी, बुडबुड्यांनी भरलेली, जड. लोक तिला अशनी म्हणतात. अशनीच्या दगडात बुडबुड्यांची छिद्रं सहसा नसतात, आणि बाहेरून पातळ, काळी, वितळलेली साल असते. चुंबक चिकटणं पुरावा नाही. मॅग्नेटाइट, मळी आणि काही प्रमाणात साधा काळा दगडही चुंबकाला ओढ देतो.

अकीकावर किंवा चुनखडकाच्या भेगेत दिसणारी झाडाची, शेवाळाची काळी नक्षी बहुतेक वेळा जीवाश्म नसते. मँगनीजयुक्त पाणी भेगेत पसरून ती उमटते. पानाच्या ठशाला मधली शीर असते; या नक्षीला नसते, ती नुसती फाटे फोडत जाते.

स्वच्छ गारगोटी काच कापते म्हणून तिला हिरा समजून कुणी पैसे मागत असेल, तर गुरुत्व काढा. हिरा 3.5, गारगोटी 2.65. लहान खड्याला घरचा काटा पुरत नाही, सराफाचा लागतो.

नोंद आणि साठवण

नोंदीशिवाय दगड गोळा केला तर महिनाभराने त्याचा काही उपयोग उरत नाही, कारण जागाच हरवलेली असते. जागेवरच, घरी आल्यावर नाही, दगडाच्या सालीवर मार्करने क्रमांक घाला आणि वहीत तोच क्रमांक लिहा: गाव, शिवार, दगड जागेवरच्या खडकातून काढला की सुटा पडलेला होता, विहिरीचा असेल तर खोली. सुटा दगड पुराने किंवा ट्रॉलीने कुठूनही आलेला असू शकतो. गावातल्या रस्त्यावरची गिट्टी तर हमखास दुसऱ्या खदानीची. चालू खाणीत आणि खदानीत परवानगीशिवाय जाऊ नका, आणि पावसाळ्यात उभ्या कड्याखाली उभे राहू नका.

प्रत्येक नमुना वेगळ्या वर्तमानपत्रात गुंडाळा. गारगोटी आणि कॅल्साइट एका पिशवीत टाकले तर घरी येईपर्यंत कॅल्साइटवर ओरखडे पडलेले असतात. कॅल्साइट अ‍ॅसिडने धुऊ नका, पाणी आणि मऊ ब्रश पुरे. लोमोंटाइट नावाचा झिओलाइट उघड्या हवेत पाणी गमावून पांढऱ्या भुग्यात बदलतो. तो मिळाला तर घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा. कोळसा वाळून तडकतो, त्यालाही बरणीच बरी. पायराइट ओलाव्याने कुजतो, त्यातून निघणारं आम्ल डबा आणि कागद दोन्ही खातं, म्हणून तो कोरडा आणि इतरांपासून वेगळा ठेवायचा.

वहीतली एक नोंद अशी दिसावी: क्र. 14. विहिरीचा मलबा, सुमारे 9 मीटर खोली. काळा-राखाडी, कण दिसत नाहीत, सुरीने ओरखडा नाही, चुंबकाला किंचित ओढ, गुरुत्व 2.9. पांढऱ्या भरणाचे ठिपके, सुरीने रेघ उठते, अ‍ॅसिडने फसफसत नाही, मोतिया चमक. खडक: बेसॉल्ट. भरण: झिओलाइट, बहुधा स्टिल्बाइट. "बहुधा" हा शब्द वहीत लिहायला लाजू नका. पुढच्या चाचणीनंतर तो खोडता येतो, चुकीचं ठाम नाव मात्र तसंच पुढे चालत राहतं.